किलोमीटर, महिने आणि कोंडाईबारी

सुरत जिल्ह्यातले पलसाणा हे तालुक्याचे गाव दोन मोठ्या रस्त्यांच्या फाट्यावर आहे. मुंबईहून अहमदाबादला जाणारा, पूर्वी 8 आणि आता 48 क्रमांकाचा महामार्ग गावाजवळून जातो. हजिऱ्याकडून येणारा, पूर्वी 6 आणि आता 53 क्रमांकाचा महामार्ग त्याला इथे मिळतो आणि पुढे बारडोली, व्यारा, सोनगढ करत नवापूरला महाराष्ट्रात शिरतो. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना ही वाट पाठ असते. कोणी कडोदऱ्याहून बारडोली गाठतो, कोणी सचिन गावाकडून पलसाण्याला येतो. आखाजी (अक्षय्य तृतीया) असो, दिवाळी असो की भाच्याचे लग्न, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री आणि धुळे हा क्रम काही बदलत नाही.

आता अशाच दोन कुटुंबांच्या दोन गाड्या घेऊ. कंपनी एक, मॉडेल एक, खरेदीचा महिनाही एक. पहिली गाडी पलसाण्याच्या एका कापडाच्या प्रोसेस हाउसमधल्या सुपरवायझरची. ती रोज घर ते मिल आणि मिल ते घर अशी सहा-सात किलोमीटरच्या टप्प्यात फिरते, कडोदरा चोकडीच्या गर्दीत रांगते आणि दुपारभर उन्हात उभी राहते. दुसरी गाडी एरवी कमी निघते, पण महिन्यातून एक-दोनदा धुळे-जळगावची फेरी मारते. दोन्हींच्या मीटरवर आज 10,000 किलोमीटर आहेत. दोन्ही मालक म्हणतात, ‘सर्व्हिसिंगची वेळ झाली.’ पहिल्याची वेळ मात्र केव्हाच टळून गेली आहे.

ती कशी टळली, हे समजले की नियमित सर्व्हिसिंगचे जवळपास सगळे शास्त्र समजते.

बिघडण्यासाठीच बसवलेल्या वस्तू

सर्व्हिसिंग म्हणजे दुरुस्ती नव्हे. मोडलेले नीट करणे ही दुरुस्ती. गाडीत काही वस्तू बिघडण्यासाठीच बसवलेल्या असतात, त्या वेळेवर बदलणे म्हणजे सर्व्हिसिंग. इंजिन ऑइल घाण होते, म्हणून बेअरिंग स्वच्छ राहतात. एअर फिल्टर तुंबतो, म्हणून सिलिंडरला चरे पडत नाहीत. ब्रेक पॅड झिजतात, म्हणून डिस्क टिकते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये संपतात, म्हणून रेडिएटर आणि इंजिनचा ब्लॉक आतून खात नाही. प्रत्येक ठिकाणी एक स्वस्त वस्तू महागड्या वस्तूचा मार आपल्यावर घेते. तिची ताकद संपली की मार थेट महागड्या वस्तूला बसू लागतो. गाडी तरीही चालतच राहते, आणि घोळ होतो तो इथेच. तेल संपून गेले तर दिवा लागतो. तेलाचा कस गेला तर कुठलाच दिवा लागत नाही.

जुन्या गाड्यांना हे काम वरचेवर लागायचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी ज्यांनी चालवली आहे, त्यांना ग्रीसगन, कार्बोरेटरची सफाई आणि कॉन्टॅक्ट पॉइंट घासणे हे सगळे आठवत असेल. फ्युएल इंजेक्शन आले, सीलबंद बेअरिंग आले, तेल सुधारले आणि यातली बरीच कामे गेली. सर्व्हिसिंगचे अंतर वाढत वाढत आज बहुतेक पेट्रोल गाड्यांत 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष इथवर आले आहे. या सोयीबरोबर एक सवयही गेली. बॉनेट उघडून बघणारा मालक दुर्मीळ झाला.

एकाच आकड्याचे दोन अर्थ

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचा तक्ता असतो. प्रत्येक ओळीत एक किलोमीटरचा आकडा, एक महिन्यांचा आकडा आणि वर एक सूचना : यांपैकी जे आधी होईल ते. दोन आकडे देण्याचे कारण असे की काही वस्तू चालण्याने झिजतात आणि काही नुसत्या पडून राहिल्यानेही खराब होतात. टायरची नक्षी आणि ब्रेक पॅड किलोमीटरने संपतात. ब्रेक ऑइल, बॅटरी, वायपरचे रबर आणि टायरचे रबर काळाने संपतात. इंजिन ऑइल दोन्हींनी संपते. ‘गाडी फिरलीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचे?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

तिसरा हिशेब मीटरवर दिसत नाही, तो तासांचा. 10,000 किलोमीटर ताशी सरासरी 70 च्या वेगाने तोडले तर इंजिन सुमारे 143 तास चालते. तेच अंतर चोकडीच्या गर्दीत ताशी सरासरी 20 ने तोडले तर 500 तास. मीटर दोघांना एकच आकडा दाखवतो, पण एकाच्या इंजिनाने साडेतीनपट तास काढलेले असतात. त्यात भर एसी लावून उभे राहण्याची. तेव्हा किलोमीटर शून्य आणि इंजिन चालू.

म्हणून बहुतेक पुस्तिकांत मूळ तक्त्याच्या मागे आणखी एक तक्ता असतो, कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांसाठी. धूळ, सततची थांब-चाल, फार छोटे टप्पे, जास्त ओझे, कडक ऊन अशी ही परिस्थिती. त्यात तेल आणि फिल्टर लवकर बदलायला सांगितलेले असते, कित्येकदा निम्म्या अंतरावर. यादी वाचताना वाटते की हे वाळवंटासाठी किंवा खाणीसाठी लिहिले असावे. प्रत्यक्षात सुपरवायझरची ती गाडी यातल्या चार अटींत बसते.

तेल : काळे पडणे वाईट नाही

सकाळी, रात्रभर थंड झालेली गाडी सपाट जागी असताना बॉनेट उघडा. ऑइल गेज ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि परत काढा. टोकाला दोन खुणा दिसतील. तेलाची रेघ त्या दोहोंच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या पुढे भरणे हेही चूकच, कारण जास्तीच्या तेलात क्रँकशाफ्ट घुसळला जातो आणि तेलाला फेस येतो. फेसाळलेल्या तेलाचा थर बेअरिंगमध्ये टिकत नाही.

आता रंग. ‘ऑइल काळे झाले, खराब झाले’ हे गॅरेजमधले नेहमीचे वाक्य अर्धेच खरे आहे. इंजिनातली काजळी आणि मळी धरून ठेवणे, तिला कुठे साचू न देणे हे तेलाचे कामच आहे, आणि त्यासाठी त्यात डिटर्जंट घातलेले असते. डिझेल गाडीचे तेल बदलल्यावर काही दिवसांतच काळे होते, तो बिघाड नव्हे. तेलाचा कस संपणे वेगळे. उष्णतेने ते ऑक्सिजनशी संयोग पावते, त्यात आम्ले तयार होतात, ती मारणारी द्रव्ये खर्ची पडतात आणि दाटपणा बदलतो. हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तक्ता पाळायचा.

छोट्या टप्प्यांचा घोळ इथे सर्वांत जास्त. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. एक किलो सीएनजी जळला तर सव्वादोन लिटर. हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते. इंजिन पूर्ण तापून अर्धा-पाऊण तास चालले की ती उडून जाते. मिल सहा किलोमीटरवर असेल तर इंजिनातले तेल नीट तापायच्या आत गाडी पार्किंगमध्ये उभी राहते आणि पाणी तेलातच मुरते. तेल भरायचे झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथे पिवळसर दुधट थर दिसला तर गाडीचे टप्पे फार छोटे आहेत, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. कूलंटही कमी होत असेल तर मात्र प्रकरण गंभीर. हेड गॅस्केटमधून कूलंट तेलात येत असण्याची शक्यता आहे, तिथे मिस्त्री गाठायलाच हवा.

डब्यावरचे 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 हे आकडे दाटपणाचे. पहिला आकडा थंड इंजिनासाठी, दुसरा तापलेल्या इंजिनासाठी. आपल्याकडे ऊन जास्त, मग दाट तेल बरे, असा तर्क अजून ऐकू येतो. आजच्या इंजिनांतल्या फटी आणि ऑइल पंप पातळ तेल धरून आखलेले असतात. दाट तेल सकाळी इंजिनच्या वरच्या भागात उशिरा पोहोचते, आणि झीज जास्त होते ती चालू करतानाच्या त्या क्षणांत. पुस्तिकेत लिहिलेला दर्जा बाजारातल्या सगळ्यात महाग डब्यापेक्षा महत्त्वाचा.

तेलाबरोबर ऑइल फिल्टर बदलायचाच. फिल्टर तुंबला तरी इंजिन कोरडे पडू नये म्हणून त्यात एक झडप असते. ती उघडली की तेल न गाळता तसेच पुढे जाते. म्हणजे तुंबलेल्या फिल्टरने गाडी बंद पडत नाही, गाळलेल्या तेलाऐवजी घाण तेल फिरू लागते एवढेच. ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा टाकायला सांगा. किंमत चहाच्या पैशांची, पण तो गळला तर तेल रस्त्यावर. आणि काढलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते नाल्यात गेले तर पुढे मिंढोळा नदीत जाते, म्हणून गॅरेजवाला ते पिंपात साठवतो ना, एवढे बघून घ्या.

हवा : नऊ हजार लिटरला एक लिटर

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे अकरा किलो हवा लागते. आकारमानाने ती नऊ हजार लिटर भरते. लिटरला 18 किलोमीटर देणारी गाडी 10,000 किलोमीटरमध्ये पन्नास लाख लिटर हवा ओढते, आणि ती सगळी एका कागदी फिल्टरमधून जाते.

पलसाणा-कडोदरा पट्ट्यातली हवा कशी आहे, ते सांगायला नको. डाइंग-प्रिंटिंग मिलचे कोळशावर चालणारे बॉयलर, महामार्गावरच्या ट्रकची धूळ, कापडाचे तंतू आणि गाळप हंगामात चलथाण-बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या गाड्या. तक्त्यात फिल्टर 40,000 किलोमीटरला बदला असे असले, तरी तो आकडा बऱ्यापैकी स्वच्छ रस्त्याचा. इथे दर 5,000 किलोमीटरला डबा उघडून फिल्टर बघावा. दोन क्लिपा काढल्या की तो हातात येतो. उन्हाकडे धरून घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर बदला. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आतून बाहेर आणि लांबून. जवळून मारलेल्या झोताने कागदाला सूक्ष्म भोके पडतात, आणि असा फिल्टर वरून स्वच्छ दिसतो पण धूळ आत सोडतो.

एसीचा केबिन फिल्टर वेगळा. तो बहुधा डॅशबोर्डच्या खणामागे असतो. ‘एसी लागत नाही’ म्हणून गॅस भरायला निघण्याआधी तो एकदा काढून बघावा. हवेचाच झोत कमी झाला असेल तर गॅसचा दोष नसतो.

कूलंट : बोअरचे पाणी नको

रेडिएटरमध्ये पाणी ओतायची सवय जुन्या गाड्यांनी लावली. कूलंट म्हणजे साधारण निम्मे इथिलीन ग्लायकॉल, निम्मे क्षारमुक्त पाणी आणि थोडी गंजरोधक द्रव्ये. ग्लायकॉलमुळे उकळबिंदू चढतो, आणि झाकणाने धरलेल्या दाबामुळे आणखी चढतो. दोन्ही मिळून तो सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. मे महिन्यात जळगावकडे जाताना बाहेर 43 अंश असताना हीच शिल्लक उपयोगी पडते.

त्यात बोअरचे जड पाणी गेले की क्षारांचा थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो. घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तोच थर, फक्त इथे नळी अगदी अरुंद. वाढीव टाकीतली पातळी थंड गाडीत दोन रेघांमध्ये हवी. हिरवा, निळा, गुलाबी, केशरी हे रंग दर्जा सांगत नाहीत, आणि दोन प्रकार मिसळले तर कधी कधी गाळ धरतो. काही कूलंट दोन वर्षांचे, काही पाच किंवा जास्त वर्षांचे, तेही पुस्तिकेतच बघायचे. आणि इंजिन गरम असताना झाकण उघडायचे नाही. दाब सुटताच आतला द्रव उकळत उसळतो आणि हात-तोंड भाजते. घाटात गाडी गरम झाली तर बाजूला घ्या, एसी बंद करा, तासभर थांबा.

कोंडाईबारी उतरताना

विसरवाडीच्या पुढचा कोंडाईबारीचा घाट सह्याद्रीच्या मोठ्या घाटांइतका उंच नाही, पण वळणांचा आणि अवजड ट्रकचा आहे. माणसांसह बाराशे किलोची गाडी शंभर मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे बारा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. साधारण चार लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी ही उष्णता. पाय ब्रेकवर ठेवूनच उतरलात तर बहुतेक सगळी डिस्क आणि ड्रममध्ये जाते. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर मोठा वाटा इंजिन घेते.

तापलेल्या ब्रेकची उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये शिरते. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेते, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते तसे. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून वर्षानुवर्षे ओलावा आत येतच राहतो. नव्या डॉट 3 तेलाचा उकळबिंदू किमान 205 अंश असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की किमान अपेक्षा 140 अंशांवर येते. डॉट 4 ला हेच आकडे 230 आणि 155. घाटात ती मर्यादा ओलांडली की तेलात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल थेट खाली जाते आणि गाडी थांबत नाही. शहरातल्या वापरात ब्रेक एवढे तापत नाहीत, त्यामुळे जुने तेल वर्षभर कुरकुर करत नाही. ते नेमके उतारावर दगा देते.

म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचे, गाडी कमी फिरली असली तरी. आपल्या दोन गाड्यांपैकी इथे खरी काळजी दुसरीची. तिचे इंजिन ऑइल, फिल्टर फारसे खराब झालेले नसतात, पण तीच घाट उतरते. टाकीतली पातळी खाली गेलेली दिसली तर नुसते वरून ओतू नका. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात आणि टाकीतले तेल तिकडे जाते, म्हणजे ती उतरलेली पातळी पॅड बघायला सांगत असते. पॅडचा उरलेला थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलण्याच्या तयारीला लागावे.

टायर : सकाळची हवा

टायरच्या हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दारातल्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. माणसे आणि सामान भरून जायचे असेल तर वेगळा आकडाही तिथेच. तो आकडा थंड टायरचा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे सोनगढच्या पुढे ढाब्याशेजारी मोजली तर हवा जास्त दिसणारच. ती जास्त समजून काढून टाकणे ही उन्हाळ्यातली धोकादायक चूक. हवा कमी झाली की टायरची बाजू जास्त वाकते, वाकण्याने तापते आणि तापून फुटते. टायर फुटण्यामागे जास्त हवेपेक्षा कमी हवाच अधिक वेळा असते. नायट्रोजन भरला तर बिघडत नाही, पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. कुठली हवा भरली, यापेक्षा ती महिन्यातून दोनदा मोजली का, हे महत्त्वाचे.

नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली, आणि कायद्यानेही टायर संपला. पावसाळ्यात तिथपर्यंत थांबू नये, कारण उथळ खाचेतून पाणी बाहेर फेकले जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची खूण असते. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीच्या टायरला नक्षी भरपूर असते, पण रबर म्हातारे होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. स्टेपनीची तारीख तर कोणीच बघत नाही. दर 10,000 किलोमीटरला टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घेतले की चारही सारखे झिजतात. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर अलाइनमेंट करायची वेळ झाली आहे.

सीएनजीची वेगळी वही

सुरत पट्ट्यात सीएनजी पंप जागोजागी आहेत आणि ईको, वॅगनआर, अर्टिगा यांतल्या कितीतरी गाड्या सीएनजीवर चालतात. त्यांना वरच्या सगळ्याबरोबर आणखी थोडे लागते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला स्पार्क प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि सीएनजीवर गाडी मिसिंग मारते. गॅसच्या वाटेवर फिल्टर असतात, ते तक्त्याप्रमाणे बदलायचे. गॅस कोरडा असल्याने व्हॉल्व्हच्या बैठका जास्त झिजतात. कंपनीतून बसून आलेल्या किटमध्ये त्या कणखर केलेल्या असतात, बाहेरून बसवलेल्या किटमध्ये बहुधा नाही. पेट्रोलची टाकी कायम रिकामी ठेवू नका. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

सिलिंडरमध्ये गॅस सुमारे 200 बार दाबाने भरलेला असतो. म्हणून दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट बंधनकारक आहे. सिलिंडर काढून, भरण्याच्या दाबापेक्षा बऱ्याच जास्त दाबाचे पाणी त्यात भरून तो किती फुगतो आणि पुन्हा मूळ आकाराला येतो का, हे बघतात. चाचणीची तारीख लहान पट्टीवर कोरून गाडीत लावलेली असते. डिकी सामानाने भरण्याआधी ती तारीख एकदा वाचा. आखाजीच्या आदल्या दिवशी पंपावर गॅस नाकारला गेला, तर सगळा बेत कोलमडतो.

पेट्रोलवाल्यांसाठीही एक बदल झाला आहे. याच भागात पिकणाऱ्या उसाच्या मळीपासून इथेनॉल बनते, आणि 2025 पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचे प्रमाण पोहोचले. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे रबर आणि धातू ते धरून निवडलेले आहेत. त्याआधीच्या, विशेषतः बऱ्याच जुन्या गाड्यांत इंधनाच्या रबरी नळ्या, सील आणि फ्युएल फिल्टर सर्व्हिसिंगच्या वेळी मुद्दाम बघून घ्यावेत. इथेनॉलही ओलावा ओढते, म्हणून महिनोन् महिने उभ्या गाडीत जुने पेट्रोल साठवू नये.

पाणी साचले तर

ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या पुराने सुरत बुडाली, तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. एवढा पूर रोज येत नाही, पण खाड्यांचे पाणी रस्त्यावर येणे दर पावसाळ्यात घडते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायची नाही. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, टो करून गॅरेजला न्या, आधी प्लग काढून पाणी बाहेर काढू द्या. इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि फिल्टर त्यानंतर बदलावेच लागतात, तक्ता काहीही म्हणो.

बिल कसे वाचायचे

सर्व्हिसिंगच्या बिलात तीन प्रकारच्या ओळी असतात. पहिला प्रकार तक्त्यातला : तेल, फिल्टर, वॉशर, ठरलेल्या किलोमीटरला प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल. यावर घासाघीस करू नये. दुसरा, तपासणीत सापडलेला : झिजलेले पॅड, फाटलेला रबरी बूट, गळके सील. इथे ‘काढलेला भाग दाखवा’ एवढे म्हणावे. चांगला मिस्त्री त्यावर रागावत नाही. तिसरा, विकलेला : इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, नाना तऱ्हेची कोटिंग. इथे एकच प्रश्न विचारावा, ‘हे पुस्तिकेत कुठे लिहिले आहे?’ अनेक वेळा ते कुठेच लिहिलेले नसते.

एक ओळ मात्र आपण होऊन विचारायची, कारण ती नेहमीच्या बिलात येत नाही. गाडीला टायमिंग बेल्ट आहे की चेन? चेन बहुधा इंजिनाइतकी टिकते. बेल्टला ठरलेले आयुष्य असते, कित्येक गाड्यांत लाखभर किलोमीटर किंवा काही वर्षे. तो आधी कुठलीही खूण देत नाही. तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग बिल बेल्टचे न राहता इंजिनाचे होते. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे पावती नसेल, तर बेल्ट बदललेलाच नाही असे धरावे.

दोन गाड्या, दोन तक्ते

आता त्या दोन गाड्यांकडे एकदा हिशेबाने बघू. सुपरवायझरची गाडी कठीण परिस्थितीच्या तक्त्यावर हवी : तेल आणि ऑइल फिल्टर सुमारे 5,000 किलोमीटर किंवा सहा महिन्यांनी, एअर फिल्टरची तपासणी त्याच वेळी, आणि आठवड्यातून एकदा तरी बारडोलीपर्यंत सलग फेरी, म्हणजे तेलातले पाणी उडून जाईल. धुळ्याला जाणाऱ्या गाडीला तेलाचा नेहमीचा तक्ता पुरतो. तिचे लक्ष ब्रेक ऑइल, टायरचे वय, कूलंट आणि बॅटरी या चार काळाने बिघडणाऱ्या गोष्टींवर हवे. मोठ्या प्रवासाची तपासणी निघायच्या आठ दिवस आधी करावी. आदल्या संध्याकाळी दोष सापडला तर सुटा भाग मिळत नाही, आणि घाईत सुटलेला बोल्ट व्याऱ्याच्या पुढे कळतो.

दोन्ही मालकांनी एक वही ठेवावी. तारीख, मीटरचा आकडा, काय बदलले, कोणत्या दर्जाचे तेल, किती पैसे. पाच ओळी पुरतात. वर्षभराने त्या ओळी वाचल्या की कंपनीचा तक्ता बाजूला राहतो आणि आपल्या गाडीचा तक्ता तयार होतो : पॅड किती किलोमीटरला गेले, फिल्टर कुठल्या महिन्यात तुंबला, कूलंट किती वेळा भरावे लागले. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक पॉलिश बघते, जाणकार गिऱ्हाईक ती वही मागते. आणि वही असेल तर भाव सांगताना आवाज खाली आणावा लागत नाही.